केंपम्माची पानाची पिशवी

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवाला तरी सांगितलंय का? देवापुढे उभी राहिले की घाईघाईने मुलीच्या परीक्षेचं काहीतरी मागते आणि निघते. सात वर्षं हे असंच चाललंय. आज तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसापुढे थोडं खरं बोलता येतं — थोडं म्हणते आहे हं. किती जमतं ते बघू.

मी म्हैसूरची. आमचे पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत होते. तलवारी गेल्या, आडनाव राहिलं, आणि घरात मराठी राहिली — निम्मी कन्नड मिसळलेली. सकाळच्या खाण्याला आम्ही 'तिंडी' म्हणतो आणि ते मराठीच आहे असं मी शाळेत जाईपर्यंत समजत होते. लिहायचं मराठी मात्र वडिलांनी शिकवलं, दर रविवारी पाटी घेऊन, कान पिळून. म्हणून लिहिताना मी बरी वाटते. बोलायला लागले की पुण्याकडची माणसं हसतात.

हे हसणं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मी एका मोठ्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, छातीच्या वॉर्डातल्या औषधांच्या खोलीत. सरस्वतीपुरमच्या आमच्या घरून स्कूटरने दहा मिनिटं. आमच्याकडे येतात ती जुनाट दम्याची माणसं — ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. बिडी ओढून फुफ्फुसं जाळलेले पुरुष, आणि बिडीला कधी हात न लावता चुलीपुढे जळलेल्या बायका. थंडी पडली की वॉर्ड भरतो. दोन खाटांमधून वाट काढताना ट्रॉली अडकते.

वॉर्डाचे मोठे डॉक्टर मूळचे मिरजेचे. त्यांचा दरारा असा की, ते जिन्यात दिसले की शिकाऊ डॉक्टर लिफ्टने जातात. पण रोज सकाळी राउंडच्या आधी ते माझ्या खिडकीशी थांबायचे आणि मराठीत विचारायचे, "सुमित्राबाई, तिंडी झाली का?" माझाच शब्द, मला चिडवत. सगळ्या वॉर्डात मराठीत बोलण्यासारखी मी एकटी होते. अकरा वर्षं त्यांनी हे रोज विचारलं. माणसाला किती थोडं पुरतं, नाही का? मला तेवढं पुरत होतं.

आणि मग ते विचारायचे, "आज कोणाकडे काय सापडलं?"

हे समजून घ्या, कारण सगळं यातच आहे. दम्याचा पेशंट दाखल झाला की औषधं लिहिण्याआधी तो घरी काय घेतो हे कळावं लागतं. विचारलं तर तो सांगत नाही. गावच्या डॉक्टरकडच्या गोळ्या खातो म्हटलं तर शहरातला डॉक्टर ओरडेल, ही भीती. त्यात गावचा डॉक्टर हाकेसरशी येतो, त्याचं नाव कोण सांगणार? पण मला कळायचं. कसं कळायचं? खेड्यातल्या बायका कमरेला पानाची पिशवी खोचतात. पानं, सुपारी, चुन्याची डबी — आणि त्यातच कागदाच्या पुडीत गोळ्या. कारण ती एकच वस्तू कुणी त्यांच्याकडून काढून घेत नाही. मी खाटेवर बसायचे, एक पान मागायचे, पिशवी उघडायला लावायचे. गोळ्या दिसल्या की बाई हमखास म्हणायची, सांगू नको हं. मी हो म्हणायचे, आणि पाच मिनिटांत जाऊन डॉक्टरांना सांगायचे. डॉक्टर त्याप्रमाणे औषध बदलायचे. कागदावर काहीच नसायचं. माझं नाव कुठेच नसायचं. पण डॉक्टरांना माहीत होतं आणि मला माहीत होतं.

मग अनघा आली.

साताऱ्याची, नवरा इथल्या कंपनीत संगणकाच्या कामाला. वय जेमतेम सत्तावीस. माझी डिप्लोमाची दोन वर्षं, तिची पदवीची सहा. हॉस्पिटलने तिला नेमलं होतं ते डॉक्टरांनी लिहिलेली औषधं तपासायला — योग्य औषध आहे का, मात्रा बरोबर आहे का, दोन औषधं एकमेकांशी भांडत नाहीत ना. पेशंटच्या घरच्या औषधांचीही आता तोंडी बातमी चालणार नव्हती. त्यासाठी फॉर्म आला. फॉर्म भरणार अनघा. तिला कन्नड येत नव्हतं, म्हणून शेजारी दुभाषी हवी. ती मी.

काल जे माझं काम होतं ते आज तिच्या सहीचं झालं, आणि माझ्याकडे उरलं ते इकडचं तिकडे सांगणं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काय खोटं आहे?

ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं. पण ती चांगली होती — हेच तर दुखणं. सुमित्राताई, सुमित्राताई करत मागे असायची. माझ्यासाठी डब्यात थालीपीठ आणायची. इनहेलर कसा ओढायचा हे म्हाताऱ्यांना हातवारे करून इतकं छान शिकवायची की भाषेचं अडायचं नाही. एक आजोबा इनहेलरमधली कॅप्सूल रोज पाण्याबरोबर गिळत होते, वर्षभर, आणि औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवत होते. ते तिने एका दुपारी शोधलं. मी त्या आजोबांना दर महिन्याला त्याच कॅप्सूल हसून देत होते.

तीन महिन्यांनी तिने डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये जुन्या फायली मांडल्या. म्हणाली की आपल्याकडे दमा वाढून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर तीच ओळ आहे — वाफ, तेच इंजेक्शन, तेच अँटिबायोटिक, तीच गोळी. ताप असो वा नसो, कफ पिवळा असो वा नसो. शिकाऊ डॉक्टर शेजारच्या फायलीवरून उतरवून घेतात. मी मागच्या खुर्चीत बसले होते आणि मनात म्हणत होते, आता हिची धडगत नाही. मोठे डॉक्टर चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "खरं आहे. माझंच लक्ष नव्हतं."

हे सगळं मला आठ-दहा वर्षं माहीत होतं. माझ्याच खिडकीतून तर जायचं ते औषध. मी कधी तोंड उघडलं होतं? नाही. आणि तिने उघडलं म्हणून माझ्या अंगाची आग झाली.

पुढचं सांगायला लाज वाटते, इतकं ते बारकं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खिडकीशी थांबले. अनघा माझ्याजवळच उभी होती. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "काय, नाश्ता झाला का?" मग दोघं मिरज-साताऱ्याकडच्या कुठल्याशा गाडीवरच्या मिसळीबद्दल बोलायला लागली. कशी भरभर मराठी — मला मधे शिरायला फटच सापडेना. मी काहीतरी म्हणाले आणि त्यात 'स्वल्प' आलं. म्हणजे थोडंसं. अनघा हसली. मायेनेच हसली. डॉक्टरही हसले. राउंडला गेले ते मला काही न विचारता.

एका शब्दासाठी एवढं? हो. एवढंच. मला याहून मोठं कारण देता आलं असतं तर मी दिलं असतं.

त्या दिवसापासून मी तिचं मोजायला लागले. डॉक्टर तिच्याशी किती वेळ बोलले, माझ्याशी किती. ती नवी साडी नेसली की मला वाटायचं राउंडसाठी नेसली. ती एकदा म्हणाली, "सुमित्राताई, तुम्हाला हे पेशंट सगळं कसं काय सांगतात हो? मलाही शिकवा ना." मी म्हटलं, "अय्यो, त्यात काय शिकवायचं? सुम्ने बसायचं त्यांच्याजवळ, आपोआप सांगतात." सुम्ने, म्हणजे उगीचच. पानाच्या पिशवीबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्याजवळ उरलेली ती एकच विद्या होती, ती मी मुठीत घट्ट धरली.

इथवर सगळ्यांचंच होत असेल. कुणाचं कुणाशी जमतं का नोकरीत? पण मी इथे थांबले नाही.

डिसेंबरातला एक मंगळवार. बन्नूरच्या पलीकडच्या एका खेड्यातून केंपम्मा दाखल झाली. वय साठीच्या आत-बाहेर. तीस वर्षं गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालण्याचं काम केलेली बाई — धुरासमोर बसून इतरांचा गूळ शिजवणारी. बोलताना तीन शब्दांनंतर थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढचे तीन. सून तिला सोडून एक्स-रेचा कागद आणायला गेली होती. अनघा फॉर्म घेऊन खुर्चीवर बसली, मी खाटेच्या कडेला.

अनघाने एकेक प्रश्न विचारला, मी कन्नडमधून विचारला, उत्तर सांगितलं. किती वर्षं त्रास आहे. रात्री झोप लागते का. मग आला तो प्रश्न — बाहेरची औषधं काही घेतात का? केंपम्माने मान हलवली, नाही. आणि मान हलवताना तिचा हात कमरेकडे गेला.

अनघा खाली बघून लिहीत होती. मला दिसला तो हात.

सवयीने मी चादर सारखी करत वाकले आणि हळूच विचारलं, पिशवीत काय आहे अव्वा? अव्वा, म्हणजे आई. तिने माझ्याकडे बघितलं. का कोण जाणे, माझ्या तोंडाकडे बघून खेड्यातल्या बाया विरघळतात. तिने पिशवीचं तोंड सैल केलं. सुकलेली दोन पानं, सुपारी, डबी, आणि वर्तमानपत्राच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या. गावचा डॉक्टर देतो, म्हणाली. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, जास्त धाप लागली की आणखी एक. मग माझं मनगट धरून म्हणाली, "हेळबेडा कणव्वा. डाक्टर बैतारे." सांगू नकोस गं बाई, डॉक्टर ओरडतात.

त्या गोळ्या मी शंभरदा पाहिल्या होत्या. त्यांच्यावरची रेघ ओळखीची होती. त्या गोळीत आणि आमच्या वॉर्डातल्या त्या नेहमीच्या इंजेक्शनात औषध एकच. बरोबर मात्रेत श्वास मोकळा करतं. थोडं जास्त झालं की मळमळ, हात थरथरणं, छाती धडधडणं. आणि फारच झालं तर झटका येतो, फेफऱ्यासारखा. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला किती आवडलं असतं. पण मला माहीत होतं. अनघापेक्षा आधीपासून माहीत होतं.

अनघाने मान वर केली. "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "काय नाही गं. पान खाल्लं तर चालेल काय, विचारते."

अनघा हसली. फॉर्मवर पान खाण्यापुढे खूण केली आणि बाहेरच्या औषधांपुढे लिहिलं — नाहीत. खाली सही केली. तिची सही वळणदार होती.

हे आहे ते. एवढंच वाक्य होतं माझं. आवाजही चढला नाही.

तुम्ही विचाराल, त्या क्षणी मनात काय होतं? बाईचं वाईट व्हावं असं? नाही, तसं नव्हतं — पण हे मी माझ्या बाजूने सांगत नाहीये, फक्त जे होतं ते सांगते. माझ्या मनात राउंड होता. मोठे डॉक्टर येतील, अनघाचा फॉर्म बघतील, बाहेरची औषधं नाहीत असं वाचतील. आणि मग मी सगळ्यांसमोर म्हणेन, डॉक्टर, जरा हिच्या पानाच्या पिशवीत बघा. ते अनघाकडे बघतील. मग माझ्याकडे बघतील. मी ते बघणं मनात चार-पाच वेळा बघून घेतलं होतं.

पण मोठे डॉक्टर बुधवारी आले नाहीत. बंगळूरला कसलीशी परिषद होती, गुरुवारी येणार होते. बुधवारचा राउंड शिकाऊ डॉक्टरांनी केला. फॉर्मवर 'नाहीत' लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांनी निर्धास्तपणे इंजेक्शन लिहिलं. वर एक अँटिबायोटिक लिहिलं — असं, की ज्याच्यामुळे ते इंजेक्शनातलं औषध अंगात नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळतं. बाहेरचं काही नाही म्हटल्यावर तेवढं खपतं, म्हणून तपासताना अनघानेही हरकत घेतली नाही. वॉर्डातली मागणीची चिठ्ठी माझ्याच खिडकीवर आली. खाट नंबर अकरा, केंपम्मा.

मी चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिले. तेव्हा सांगता आलं असतं ना? अनघा चार पावलांवर बसली होती. फोन होता. शिकाऊ डॉक्टर कॉरिडॉरमध्ये चहा पीत होता. पण तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं — त्याने फक्त ओळ खोडली असती, अनघा म्हणाली असती, बरं झालं ताई, आणि संपलं असतं. मोठे डॉक्टर नसताना सांगण्यात मला काहीच मिळत नव्हतं. मी म्हटलं, एक दिवस. एका दिवसात काय होतंय? दोन डोस तर जायचेत.

मी फडताळ उघडलं, इंजेक्शनं मोजून दिली, रजिस्टरवर सही केली. माझी सही वळणदार नाही, पण स्पष्ट वाचता येते.

केंपम्मा पुडीतल्या गोळ्याही खातच होती. धाप कमी होत नाही म्हणून एखादी जास्तच. पिशवी उशीखाली होती. बुधवारी दुपारी मी वॉर्डात गेले होते, तेव्हा तिचे हात थरथरताना मी पाहिले. पाण्याचा पेला धरताना पाणी सांडलं. ती मला बघून हसली, मी तिच्याकडे बघून हसले आणि पुढे गेले. गेले मी पुढे. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा नीट बोललेले नाही.

गुरुवारी सकाळी राउंड सुरू व्हायच्या आधी ती दोनदा ओकली. सून नर्सला बोलवायला वळली, तेवढ्यात झटका आला. खाटेचा कठडा खाली होता. ती खाली पडली, सगळं अंग ताठ, आणि पडताना खुब्याचं हाड मोडलं. आवाज ऐकून सगळे धावले. मोठे डॉक्टर त्याच वेळी दारातून आत येत होते. सगळे विचारत होते हे कशाने, साखर कमी झाली का, मेंदूत काही झालं का. अनघा हातात फॉर्म धरून पांढरीफटक पडली होती.

आणि मी काय केलं? मी गर्दीतून पुढे गेले, उशी उचलली, पिशवी काढली, पुडी उलगडून डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "डॉक्टर, हे बघा. बाहेरून घेत होती." त्यांनी गोळी उलटी करून रेघ पाहिली, आणि इंजेक्शन बंद करायला ओरडून सांगितलं. केंपम्माला अतिदक्षता विभागात नेलं. जाताना मोठे डॉक्टर माझ्या खांद्याशी थांबले. म्हणाले, "सुमित्राबाई, तुम्ही नसतात तर ही बाई गेली असती."

जे मी मनात चार-पाच वेळा बघितलं होतं, ते अगदी तस्संच झालं. फक्त मधे जमिनीवर एक बाई पडलेली होती.

केंपम्मा जगली. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण अशी फुफ्फुसं असलेल्या बाईला भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून ते दोन आठवडे लांबलं. पुढे वॉकर आलं. पुन्हा ती स्वतःच्या पायांनी गुऱ्हाळापर्यंत कधी गेली नाही.

चौकशीची मीटिंग झाली. फॉर्म टेबलावर ठेवला होता. मला भीती होती — तुम्हाला वाटेल पश्चात्ताप. नाही, भीतीच होती — की अनघा म्हणेल, मी विचारलं होतं, सुमित्राताईंनी उत्तर सांगितलं. ती तसं म्हणाली असती तर खरं तेच होतं. ती म्हणाली, "चूक माझी आहे. भाषा येत नसताना मी एका उत्तरावर समाधान मानायला नको होतं. पुन्हा विचारायला हवं होतं." दुभाष्याचं तिने नावही काढलं नाही. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले.

तिला वॉर्डातून काढून तळमजल्यावरच्या औषधांच्या कोठारात पाठवलं. खोकी मोजायचं काम. तपासायचं काम पुढे बरेच महिने कुणाकडेच नव्हतं आणि पेशंटच्या कागदावर पुन्हा तीच ओळ दिसायला लागली — वाफ, इंजेक्शन, अँटिबायोटिक, गोळी. मी ती वाचायचे आणि औषध द्यायचे. उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याची बदली झाली.

जाण्याआधी ती मला भेटायला आली. थालीपिठाचा डबा घेऊनच. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "ताई, खरं सांगा, मी त्या दिवशी कुठे चुकले? मी विचारलं तर सगळं होतं."

तुम्हाला वाटेल इथे तरी मी सांगितलं असेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोरल्या बहिणीच्या आवाजात म्हटलं, "अगं, खेड्यातल्या बायका पानाच्या पिशवीत गोळ्या ठेवतात. पिशवी उघडून बघायची असते. मी सांगायला पाहिजे होतं तुला आधी." तिने पर्समधून वही काढली आणि लिहून घेतलं. मला म्हणाली, "थँक्यू ताई." ती आता कुठल्याही हॉस्पिटलात काम करत नाही, असं कळलं. मुलांच्या शिकवण्या घेते म्हणे.

आमच्या फॉर्मवर मात्र एक नवी ओळ आली. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः घालायला लावली — पानाची पिशवी उघडून पाहिली का? वॉर्डात तिला सुमित्राबाईंची ओळ म्हणतात. नव्या मुलींना मी ती समजावून सांगते. फॉर्म आता मीच भरते, त्या ओळीपुढे खूण करते आणि सही करते. आणि चौकशीच्या मीटिंगनंतरच्या सोमवारी सकाळी डॉक्टर खिडकीशी थांबले होते. म्हणाले, "काय सुमित्राबाई, तिंडी झाली का?"

मी म्हटलं, झाली.

आता केंपम्माचं. हे मी शेवटी ठेवलं, कारण आधी लिहायला घेतलं की पेन खाली ठेवावंसं वाटायचं.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी ती तपासणीला आली. सून डॉक्टरांच्या दारात रांगेत उभी होती. केंपम्माने मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता ही विचारणार — मी तुला दाखवल्या होत्या ना गोळ्या? एकटी तीच तर साक्षीदार. तिने त्या मंगळवारी धरलं होतं तसंच माझं मनगट धरलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मातु उळिस्कोंडे कणव्वा." तू शब्द राखलास गं बाई. मी सांगू नको म्हटलं, तर मी मरायला टेकेपर्यंत तू सांगितलं नाहीस. मलाच हाव सुटली गोळ्यांची, देवाने दिली शिक्षा. पण तू शब्द राखलास.

माझ्याजवळ एक पळवाट होती, ती तिने स्वतः आणून दिली. खरंच की — तिनेच नाही का सांगितलं होतं, सांगू नको? मी फक्त तिचं ऐकलं. किती सोयीचं आहे हे. पण त्या खाटांवरून मला सांगू नको म्हणणाऱ्या बायका किती झाल्या असतील? त्या प्रत्येकीला मी हो म्हटलं आणि प्रत्येकीचा शब्द पाच मिनिटांत मोडला. म्हणून त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. शब्द मी आयुष्यात एकीचाच राखला.

मी तिला हे सांगितलं नाही. म्हटलं, "असू दे अव्वा."

तेव्हापासून दर संक्रांतीला तिचा मुलगा बन्नूरच्या बसने येतो आणि माझ्या खिडकीवर केळीच्या पानात बांधलेली गुळाची ढेप ठेवतो. ती राबली त्याच गुऱ्हाळाचा गूळ, पहिल्या कढईचा. शब्द राखणाऱ्या अक्काला, असं आईने सांगितलंय म्हणतो. यंदा तो आला तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं. आई मार्गशीर्षात गेली, म्हणाला. दम्यानेच. जाण्याआधी तिने बजावलं होतं, अक्काचा गूळ चुकवू नकोस.

मी ढेप घेतली. घरी नेऊन फोडली, एळ्ळु-बेल्लात, म्हणजे आमच्याकडच्या तिळगुळात घातली, शेजारी सगळ्यांना वाटली. उरलेला गूळ डब्यात आहे. रोज सकाळी मी तो चहात घालते आणि पिते.